इणैयम् म्हणजे जोड

अशोक लेलँडचं नाव महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. एसटीच्या बसपासून घाटात धापा टाकणाऱ्या ट्रकपर्यंत ते आपण लहानपणापासून वाचत आलोय. ती कंपनी १९४८ साली जिथे उभी राहिली ते गाव म्हणजे एन्नोर. चेन्नईच्या उत्तर टोकाला, कोसस्थलैयार नदी जिथे खाडी होऊन समुद्राला मिळते तिथे. लेलँडच्या पाठोपाठ खतांचे कारखाने आले, शेजारच्या मनलीत तेलशुद्धीकरण आलं, कोळशावर चालणारी वीजकेंद्रं आली, राखेचे तलाव आले, २००१ साली बंदर सुरू झालं. चेन्नई शहराचा बराचसा उजेड याच बाजूने येतो. आणि या सगळ्याच्या सांदीत नेट्टुकुप्पम, ताळंकुप्पम, काट्टुकुप्पम, मुगत्तुवारकुप्पम अशी गावं आहेत. कुप्पम म्हणजे आपला कोळीवाडाच. समुद्रात जाणारे, खाडीत जाळं टाकणारे, आणि गुडघाभर चिखलात बसून हातांनी कोळंबी वेचणारे इरुळर आदिवासी.

ही पुस्तिका किनाऱ्यावरच्या वस्त्यांत लोकांना फोन आणि इंटरनेट वापरायला शिकवू इच्छिणाऱ्या मराठी कार्यकर्त्यांसाठी आहे. तिच्या प्रस्तावनेत एन्नोर कशाला, असं कुणी विचारेल. माहूल-तुर्भ्याच्या कोळीवाड्यात एकदा जाऊन आलेला माणूस हे विचारणार नाही. तीच रिफायनरी, तोच गाळ, तीच मासळीला येणारी तेलाची चव. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजं आपटली आणि तेल अलिबाग-उरणपर्यंत पसरलं. २८ जानेवारी २०१७ रोजी एन्नोरच्या बंदराबाहेर दोन जहाजं आपटली आणि माणसं बादल्यांनी तेल उपसत बसली. आपल्या घरातलं दुखणं शेजारच्या घरात पाहिलं की जास्त स्पष्ट दिसतं, म्हणून एन्नोर.

पण आधी शब्दाचं सांगतो, कारण माझी पहिली फजिती शब्दावरून झाली. काही वर्षांपूर्वी एका कोळीवाड्यात बायकांना इंटरनेट समजावून सांगताना मी मोठ्या हौसेने ‘महाजाल’ हा शब्द वापरला. तुमच्याच धंद्यातला शब्द आहे, म्हटलं, पटकन कळेल. मोठं जाळं, सगळ्या जगावर पसरलेलं. पुढे बसलेल्या मावशी म्हणाल्या, ‘‘जाळ्यात गावते ती मासळी, मास्तर. आम्ही जाळं टाकणारे. तुमच्या या जाळ्यात आम्ही कोण?’’ सगळ्या हसल्या. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि नंतरच्या महिन्यांत त्यांच्यातल्या दोघींचे पैसे फोनवरून गेले तेव्हा तर मुळीच नव्हतं. तमिळ लोकांनी इंटरनेटला शब्द घेतला तो ‘इणैयम्’. इणै म्हणजे जुळणं, जोडलं जाणं. आपण इंग्रजी नेटचं जाळं केलं, त्यांनी जोड केली. शब्द बदलून परिस्थिती बदलत नाही हे खरं. तरी शिकवायला बसण्याआधी आपण जाळं घेऊन चाललोय की जोडायला चाललोय, एवढं मनाशी ठरवलेलं बरं.

आता पैशाचं. भारतात डेटा जगात स्वस्त आहे हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलंय की त्याचा हिशेब कुणी करत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि दर कोसळले, हे बरोबर. पण गरिबाला डेटाच्या जीबीचा दर भिडत नाही, त्याला भिडतं ते रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये सगळ्या कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा एअरटेलचं २८ दिवसांचं सगळ्यात खालचं अमर्याद कॉलचं रिचार्ज १७९ वरून १९९ रुपयांवर गेलं. अठ्ठावीस दिवसांचा महिना ही या धंद्याची खास देणगी. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. १९९ गुणिले १३ म्हणजे २,५८७ रुपये. घरात नवरा, बायको आणि कॉलेजातलं पोर असे तीन फोन धरले तर ७,७६१ रुपये.

हा आकडा बाजूला ठेवा आणि दुसरा पाहा. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै, तेवढेच दिवस. या बंदीच्या काळासाठी तमिळनाडू सरकार मच्छीमार कुटुंबाला मदत देतं. २०२३ साली ती पाच हजारांवरून आठ हजार करायचं ठरलं. म्हणजे दोन महिने चूल चालावी म्हणून सरकार जे देतं, जवळजवळ तेवढंच ते घर वर्षभरात फोन चालू राहावा म्हणून भरतं. शिवाय मासळीचा पैसा हंगामाने येतो, रिचार्ज मात्र दर अठ्ठावीस दिवसांनी संपतं. मग घरातला कुठला फोन आधी बंद पडतो? बाईचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या शंभरातल्या ३३ बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांत ५७ जणांनी. या फरकाला लोक लगेच मानसिकता म्हणतात. मला त्यात रिचार्जही दिसतं.

यावर उपाय नाहीत असं नाही. दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की ज्याला नेट नको त्याच्यासाठी नुसत्या बोलण्याचं आणि संदेशांचं वेगळं रिचार्ज ठेवा. ते आहे, पण कोपऱ्यावरचा दुकानदार आपणहून सांगत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये ते शोधायला जेवढं कौशल्य लागतं तेवढं ज्याच्याकडे आहे त्याला त्याची गरज नसते. दुसरा उपाय पीएम-वाणी. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली: चहावाला, किराणावाला, कुणीही विना परवाना वायफाय लावून पाच-दहा रुपयांना विकू शकतो. एकेकाळी जसे पिवळ्या पाटीचे पीसीओ होते तसं. कल्पना उत्तम. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय ठिकाणं व्हायची होती, ती अजून लाखांच्या घरात घुटमळतायत. कुप्पमच्या तोंडाशी चहाची टपरी असतेच. बायका पहाटे लिलावाला थांबतात तिथे असं एक केंद्र असेल तर तीन रिचार्जांपैकी एक तरी वाचेल. पुस्तिकेतलं तिसरं प्रकरण यावर आहे आणि मला ते सगळ्यात उपयोगी वाटतं.

सरकारी योजनांचं मात्र मला हसूही येतं आणि रडूही. पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ साली मंजूर झालं. सहा कोटी माणसांचं उद्दिष्ट, वीस तासांचा अभ्यासक्रम, प्रत्येक घरातून एक जण. मार्च २०२४ मध्ये ते संपलं. नावातच ग्रामीण. एन्नोर ज्या कत्तिवाक्कम नगरपालिकेत होतं ती २०११ साली चेन्नई महापालिकेत विलीन झाली, त्यामुळे एन्नोरचा कोळी शहरी. खाडी ओलांडली की काट्टुपळ्ळी, ते तिरुवळ्ळूर जिल्ह्यात, ते ग्रामीण. एकाच पाण्यात जाळं टाकणारी दोन माणसं, एकाला साक्षरता, दुसऱ्याला नाही. सरकारच्या भारतनेट योजनेची तारही ग्रामपंचायतीपर्यंत येते, महापालिकेच्या झोपडीपर्यंत नाही. शहरात सगळ्यांना सगळं येतं असं दिल्लीत गृहीत धरलं असावं. आणि घरातून एक जण म्हणजे कोण, हे आपण सगळेच जाणतो. थोरला मुलगा. ज्याला आधीच येत होतं तो.

या विषयात भारतात जे सगळ्यात शहाणपणाचं काम झालं ते एन्नोरपासून तीन-चार तासांवर झालं, आणि त्यात बहुतेक गावकऱ्यांच्या हातात काहीच यंत्र नव्हतं. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने १९९८ साली पुदुच्चेरीच्या गावांत माहिती केंद्रं काढली. संगणक ठेवायला गावाने खोली द्यायची, चालवायला गावातलीच माणसं, आणि अट अशी की त्या खोलीत दलितांसकट कुणालाही येता आलं पाहिजे. वीरमपट्टिणम या मच्छीमार गावात लोकांना विचारलं, तुम्हाला काय माहिती हवी? उत्तर आलं: उद्या लाट किती उंच असेल. त्या काळी ही माहिती अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावर मिळत असे. केंद्रातली मुलगी ती उतरवून घ्यायची, तमिळमध्ये करायची आणि किनाऱ्यावर लावलेल्या भोंग्यांवरून वाचून दाखवायची. इंटरनेट संगणकातून उतरून भोंग्यात आलं. ज्याला वाचता येत नव्हतं तोही ऑनलाइन होता, फक्त कानाने.

त्याच साखळीतलं नल्लवाडू. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी गावातल्या एकाने सिंगापूरहून फोन केला: टीव्हीवर त्सुनामीची बातमी आहे, बाहेर पडा. माहिती केंद्राचं कुलूप तोडलं, भोंग्यावरून हाक दिली, आणि साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव रिकामं झालं. घरं गेली, होड्या गेल्या, माणसं राहिली. पुढे याच प्रतिष्ठानने ‘फिशर फ्रेंड’ नावाचं मोबाइल ॲप केलं. लाट, वारा, मासळी कुठे मिळण्याचा संभव, आणि श्रीलंकेची हद्द जवळ आली की इशारा, हे सगळं त्यात आहे. चांगलंच आहे. पण मला अजून त्या भोंग्याचं कौतुक जास्त.

आपल्याकडेही त्याच वर्षी, १९९८ मध्ये, वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला. कोल्हापूर-सांगलीची सत्तर गावं, गावोगावी संगणक, मोठी स्वप्नं: शेतीसल्ला, बाजारभाव, जगाची खिडकी. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातले लोक पाहायला आले तेव्हा त्यांना आढळलं की शेतकरी त्या संगणकापाशी जातो तो मुख्यतः साखर कारखान्याशी असलेल्या कामासाठी. माझ्या उसाचं वजन किती भरलं, खत किती उचललं, पैसे किती निघाले. बस्स. मग त्यांनी सात गावांत संगणक काढून साध्या मोबाइलच्या संदेशावर तेच उत्तर दिलं आणि काम भागलं. याला काही जण वारणेचं अपयश म्हणतात. माझं मत उलट आहे. शेतकऱ्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता. तो ऐकायला आपल्याला नऊ वर्षं लागली.

कौशल्याकडे वळतो. पूर्वी निरक्षराला आपण अंगठाबहाद्दर म्हणायचो. आता शिकलेला आणि न शिकलेला दोघंही रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठाच ठेवतात. फक्त जन्मभर मासळी साफ केलेल्या, बर्फात हात घातलेल्या, जाळ्याच्या दोरीने बोटं सोललेल्या माणसाचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य मी कोळीवाड्यात जेवढं ऐकलंय तेवढं ‘नेट नाही’ हेसुद्धा ऐकलेलं नाही. त्यांना शिकवायचं असतं ते हे: अंगठा लागला नाही तर ओटीपीने होतं, आणि आधारला जोडलेला नंबर कुणाचा आहे ते आजच तपासा. बहुतेक वेळा तो नंबर जावयाचा असतो, किंवा बंद पडलेल्या सिमचा.

तमिळनाडूने सप्टेंबर २०२३ मध्ये घरच्या बाईला महिना हजार रुपये द्यायला सुरुवात केली, आपण जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला दीड हजार. त्यांनी आधी घरोघर टोकन आणि अर्ज पोचवले, मग रेशन दुकानाच्या आसपास शिबिरं घेतली, आणि अर्ज भरून घ्यायला स्वयंसेवक बसवले. आपल्याकडे ॲप आलं, मग संकेतस्थळ आलं, मग सेतू केंद्राबाहेर रांगा आल्या आणि अर्जामागे पैसे घेणारे आले. २०२५ च्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, तेव्हा विधवा बायकांनी काय करायचं हा प्रश्न नंतर सुचला. मी काही तमिळनाडू म्हणजे स्वर्ग असं म्हणत नाही. पण अर्जापाशी माणूस बसवणं आणि अर्जापाशी पासवर्ड बसवणं यातला फरक ज्या बाईने दोन दिवसांची मजुरी बुडवली तिला विचारा.

एक गोष्ट मात्र कुणी न शिकवता शिकली गेली. मासळीबाजारात टोपलीशेजारी क्यूआर कोड आला, त्याच्याबरोबर ‘दोनशे रुपये प्राप्त झाले’ असं ओरडणारा डबा आला, आणि बाईला पडद्याकडे पाहावंच लागलं नाही. पुन्हा भोंगाच. जिथे यंत्र माणसाच्या भाषेत मोठ्याने बोलतं तिथे वर्ग घ्यावा लागत नाही. वर्ग लागतो तो फसवणुकीसाठी. एकच वाक्य पाठ करून घ्या: पैसे यायला पिन लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगतंय म्हणजे पैसे जातायत. आणि गेलेच तर लाज वाटून गप्प बसायचं नाही, लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. माझ्या त्या दोघी मावश्या चार दिवस कुणाला बोलल्या नव्हत्या.

इथपर्यंतचं बहुतेक पुस्तिकांत असतं. एन्नोर जे शिकवतं ते यापुढचं आहे. २६ डिसेंबर २०२३ ची रात्र. नल्लवाडूच्या त्या सकाळनंतर बरोबर एकोणीस वर्षांनी, समुद्राखालून खत कारखान्याकडे येणाऱ्या नळातून अमोनिया सुटला. लोक वासाने जागे झाले. डोळे चुरचुरत, श्वास कोंडत, पोरं कडेवर घेऊन अंधारात बाहेर पडले, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मिचौंग वादळाच्या पुरात मनलीकडून आलेलं तेल खाडीभर पसरलं होतं. आणि त्याच वर्षी, आठवत असेल, आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून तुमच्या-माझ्या फोनवर मोठ्याने किंचाळणारे संदेश आले होते. अशा ठिकाणी डिजिटल कौशल्य म्हणजे अर्ज भरणं नव्हे. कुठल्या नळातून काय वाहतं, वास आला तर वाऱ्याच्या कुठल्या बाजूला पळायचं, वस्तीच्या गटावर पहिला संदेश कुणी टाकायचा, भोंगा कुणाच्या हातात, हे ठरलेलं असणं म्हणजे कौशल्य. माहूलला ते ठरलेलं आहे का? चेंबूरला?

दुसरं असं. काट्टुपळ्ळीच्या बंदराच्या विस्ताराची जनसुनावणी जानेवारी २०२१ मध्ये ठरली होती, ती पुढे ढकलली गेली. अशा प्रत्येक प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल शेकडो पानांची पीडीएफ असतो, इंग्रजीत. कायद्याने स्थानिक भाषेत फक्त सारांश मिळतो. २०२० मध्ये पर्यावरण अधिसूचनेचा नवा मसुदा आला तो इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो घटनेतल्या बावीस भाषांत करायला सांगितलं, तेव्हा मराठीचा प्रश्न निघाला. आणि हरकती कळवायच्या कशा? दिल्लीला पत्राने, नाहीतर ई-मेलवर. ज्याची खाडी जाणार त्याच्याकडे ई-मेल नाही, आणि ज्याच्याकडे ई-मेल आहे त्याला खाडी ठाऊक नाही. एन्नोरच्या मच्छीमारांनी २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदांवरून आरोप केला की सरकारी नकाशातून खाडीचा मोठा भाग पुसला गेलाय. तो नकाशा वाचणं, आपली खाडी त्यात कुठे आहे ते बोटाने दाखवणं, फोनवर राखेचा फोटो काढून त्यावर तारीख आणि जागा राहील असं ठेवणं, हे मला संगणक चालू-बंद करण्यापेक्षा आधी शिकवण्याजोगं वाटतं. गायक टी. एम. कृष्णांनी एन्नोरच्या खाडीत उभं राहून गायलेलं ‘चेन्नै पोरंबोक पाडल’ जानेवारी २०१७ मध्ये यूट्यूबवर आलं आणि जगभर गेलं. खाडी ऑनलाइन गेली. तिच्या काठच्या माणसांनी स्वतःच्या तोंडाने तिथे पोचायचं अजून बाकी आहे.

३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रकरण होतं ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या स्त्रीचं, जिला केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिचकवता येत नव्हत्या. हक्क कागदावर आला हे मोठंच झालं. तो वस्तीपर्यंत नेणारी माणसं म्हणून ही पुस्तिका तुमच्या हातात आहे.

तेव्हा वापरण्याआधी एक विनंती. पुस्तिकेच्या शेवटी आठ पानं मुद्दाम कोरी सोडलीयत. पहिला आठवडा काही शिकवू नका. लिलावाच्या जागी, रेशनच्या रांगेत, चहाच्या टपरीवर बसा आणि कोण काय विचारतं ते त्या पानांवर त्यांच्याच शब्दांत लिहा. मग पहिलं प्रकरण उघडा, आणि त्या प्रश्नांशी जे जुळत नसेल ते खुशाल गाळा.